बँडमास्तरांचा कोल्हा

आमचे शेजारी बँडमास्तर शिर्के आपल्या कोंबड्यांशी इंग्रजीत बोलायचे आणि कोल्ह्याशी मराठीत.

याचं कारण त्यांनी मला एकदा अगदी गंभीरपणे समजावून सांगितलं होतं. "कुसुम, या कोंबड्या महूच्या. गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात वाढलेल्या. त्यांना मराठी कुठून समजणार? उगाच गोंधळतील बिचाऱ्या."

"आणि कोल्हा?"

"तो इथलाच. नाल्यापलीकडचा. त्याला इंग्रजी कोण शिकवणार?"

त्यामुळे रोज सकाळी खुराड्याचं दार उघडताना आमच्या कानावर "गुड मॉर्निंग, लेडीज!" पडायचं आणि दिवेलागणीला "फॉल इन!" ही आरोळी. कोंबड्या खरंच ओळीनं आत जायच्या. आई म्हणायची, मास्तरांच्या मुठीत दाणे असतात म्हणून जातात. मास्तर म्हणायचे, "शिस्त आहे वहिनी, शिस्त. दाणे आपले बहाना आहेत."

मग कोंबड्या आत गेल्या की ते कुंपणापाशी उभे राहायचे, नाल्याच्या दिशेनं तोंड करायचे आणि आवाज चढवून म्हणायचे, "अहो, ऐकताय का? दुसऱ्याच्या घरी न बोलावता यायला काही वाटतं का तुम्हाला?"

कोल्ह्याला ते नेहमी अहो-जाहो करायचे. शत्रूचा मान ठेवावा असं त्यांचं म्हणणं होतं.

आम्ही तेव्हा इंदूरला तुकोगंजच्या अगदी मागच्या टोकाला राहत होतो. आमच्या ओळीतली घरं संपली की नाला, आणि नाल्यापलीकडे ज्वारीची शेतं. संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालेलं होतं. राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला, अशी वाटून घेतलेली. माझे वडील, म्हणजे दादा, सचिवालयात होते, त्यामुळे थंडी पडली की फायलींबरोबर तेही ग्वाल्हेरला जायचे. मी मुलींच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते.

शिर्केमास्तर संस्थानच्या बँडाचे मास्तर. संस्थान गेलं तसा बँडही गेला. लाल डगले, पितळी बटणं, बडा ड्रम, सगळं निकालात निघालं. त्यातलं जे कुणालाच नको होतं ते मास्तरांनी घरी आणलं: आपला डगला, एक फुंकायचं पितळी कॉर्नेट आणि ड्रमची रिकामी पेटी. पेटी कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "चांगली पेटी आहे." एवढंच. त्याच सुमारास महूचा एक गोरा कर्नल विलायतेला निघाला. त्याच्या मेमसाहेबाच्या पांढऱ्याशुभ्र कोंबड्या कुणी घेईना, कारण घेणारे सगळे त्यांच्याकडे पातेल्याच्या नजरेनं बघत. मास्तरांनी त्या मागून घेतल्या. वाद्यं वाजवणारी माणसं गेली होती. निदान आवाज करणारं काहीतरी घरात आलं.

कोंबड्यांना त्यांनी आवाजावरून बँडातल्या वाद्यांची नावं ठेवली. बारीक, चिरका आवाज असलेली पिकलो. नाकातून कुरकुरणारी बासून. आणि सगळ्यांत जाडी, घोगरी, डुलत चालणारी ती युफोनियम. कोंबडा होता, पण त्याला नाव नव्हतं. "अजून सुरात आलेला नाही," मास्तर म्हणायचे. "सुरात आला की नाव." त्याला सुरात आणायला ते खुराड्यासमोर बसून कॉर्नेटवर एक सूर धरायचे आणि कोंबड्याकडे रोखून पाहायचे. कोंबडा सूर काही शिकला नाही. पण कॉर्नेट ऐकू आलं की आरवायचं, एवढं तो शिकला. परिणामी आमच्या ओळीत भर दुपारी साडेतीनला पहाट व्हायला लागली.

"आमच्या बँडात हे चाललं नसतं," मास्तर मान हलवून म्हणायचे. हे त्यांचं पालुपद होतं. दूध पातळ आलं, पोस्टमन उशिरा आला, मंत्रिमंडळ बदललं, काहीही झालं तरी आमच्या बँडात हे चाललं नसतं.

कोंबड्या पाळणं म्हणजे सोपं काम नाही, हे मला मास्तरांमुळे कळलं. दर काही दिवसांनी खुराड्याला चुना. पावसाळ्यात मरी येऊ नये म्हणून पाण्यात लसूण. थंडीत शेगडी, पण धूर होता कामा नये. मग मास्तर स्वतः वाकून शेगडी फुंकणार आणि कोंबड्यांऐवजी स्वतः खोकणार. कोंबडीनं योग्य जागी अंडं घालावं म्हणून तिथे खोटं अंडं ठेवतात. मास्तरांनी त्यासाठी कुठूनतरी पोलोचे जुने पांढरे लाकडी चेंडू पैदा केले. युफोनियमला त्यातला एक इतका आवडला की ती त्याच्यावर उबवायला बसली. उठेना. हात लावला की चोच मारायची. मास्तर तिला रोज इंग्रजीत समजावत होते आणि ती रोज डोळे मिटून घेत होती. शेवटी त्यांनी तिच्याखाली हळूच बासूनची अंडी सरकवली. पिल्लं निघाली तेव्हा युफोनियमनं पिल्लांकडे पाहिलं, मग चेंडूकडे पाहिलं, आणि चेंडूच्या बाजूनं बसून राहिली. तो फुटायचा बाकी आहे याची तिला खात्री होती.

अंडी शेजारीपाजारी जायची. आता आमची ओळ म्हणजे बहुतेक सोवळ्यातली घरं. अंड्याचं नाव कुणी काढायचं नाही. पण मागच्या दारानं सगळ्यांना अंडी लागायची, आणि ती सगळ्यांना केसांनाच लावायची असायची. "केसांसाठी हो, मास्तर," असं म्हणून आई पदराखाली वाटी न्यायची. दादा ग्वाल्हेरला गेले की आमच्या घरातल्या केसांना अंडी फार लागायची. कांदा आणि हिरवी मिरची घालून.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कोल्हा आला.

पहिल्यांदा त्यानं बासूनला नेलं. कुंपणाशी पांढरी पिसं तेवढी पडली होती. मास्तर बराच वेळ ती पिसं उचलत बसले. मी जवळ गेले तर म्हणाले, "तिचा आवाज बेसूर होता, कुसुम, पण वेळेवर यायची." मग नाक शिंकरून उठले आणि युद्ध सुरू झालं.

आधी त्यांनी कुंपणाला बाभळीचे काटे बांधले. त्यात सर्वांत आधी स्वतः मास्तर अडकले. मग बुजगावणं केलं. बुजगावण्याला कुणी फाटका सदरा घालतं. मास्तरांनी आपला लाल डगला घातला, पितळी बटणं चिंच लावून घासली, वर साफा बांधला. ते बुजगावणं खऱ्या मास्तरांपेक्षा रुबाबदार दिसायचं. आमच्या पलीकडे दिघे वकील राहायचे. त्यांना संध्याकाळचं नीट दिसत नसे. ते कोर्टातून येताना त्या बुजगावण्याला नमस्कार करत. दोन-चार दिवस नमस्काराला उत्तर आलं नाही, तेव्हा वकीलसाहेब रागावले आणि त्यांनी खऱ्या मास्तरांशी बोलणं सोडलं. कोल्हा मात्र त्या डगल्याच्या सावलीत निवांत बसलेला मी स्वतः पाहिला आहे.

मग आवाजाचा प्रयोग झाला. दिवेलागणीला मास्तर कुंपणाशी उभे राहिले आणि त्यांनी कॉर्नेटवर असं काही जोरदार मार्चिंगचं गाणं सुरू केलं की आमच्या कपाटातले पेले थरथरले. कोंबडा आरवला. आणि नाल्यापलीकडून कोल्ह्यांनी उत्तर दिलं. एकानं नाही, सगळ्यांनी. मास्तर थांबले की तेही थांबत. मास्तरांनी पुन्हा सुरुवात केली की तेही सुरू. आम्ही सगळे ओसरीवर येऊन उभे राहिलो. आईनं कानात बोळे घातले. मास्तर शेवटी कॉर्नेट खाली करून माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग असायला हवा होता, पण तो नव्हता.

"कुसुम," ते हळूच म्हणाले, "दुसऱ्या ओळीतला तो डावीकडचा, सुरात आहे."

त्यानंतर महूच्या पलटणीतून निवृत्त झालेला एक कुत्रा आणला. दांडगा, एक कान तुटका. पहिल्याच दिवशी युफोनियमनं त्याच्या नाकावर चोच मारली आणि तो आमच्या माजघरात येऊन आईच्या पाटाखाली शिरला. कुत्रा जो आमच्याकडे राहिला तो राहिलाच.

आणि मग एका रविवारी सकाळी, काहीही प्रयत्न न करता, मास्तरांनी कोल्हा पकडला.

झालं असं. ड्रमची ती पेटी मास्तरांच्या ओसरीवर उघडी पडलेली असायची आणि पिकलो तिच्यातल्या पेंढ्यावर अंडी घालायची. मास्तर ओसरीच्या दुसऱ्या टोकाला आरसा टांगून दाढी करत होते. आरशात त्यांना काहीतरी भुरकं हललेलं दिसलं. पिकलो किंचाळत उडाली ती थेट आरशावर येऊन आदळली. मास्तर वळले, तर पेटीतून एक झुपकेदार शेपटी बाहेर लोंबत होती. कोल्हेबुवा आत वाकून नाश्ता करत होते. मास्तरांनी उडी मारली, झाकण ढकललं आणि त्यावर बसले.

"कुसुम! वहिनी! धावा! बंदी झाला!"

आम्ही धावलो. मास्तर पेटीवर बसलेले, अंगात बनियन, अर्ध्या गालावर साबण, आणि त्यांच्या खालून गुरगुर ऐकू येत होती. हां हां म्हणता अर्धी ओळ जमली. प्रत्येकाचं मत निराळं. कुणी म्हणे काठी आणा, कुणी म्हणे कातड्याची टोपी छान होते. दिघे वकील अबोला मोडून पुढे आले आणि मास्तरांच्या कानाशी लागले. मालव्यात अशी समजूत आहे की कोल्ह्याच्या डोक्यात एक बारीकसं शिंग असतं, त्याला सियारसिंगी म्हणतात, आणि ती ज्याच्या खिशात असेल तो खटला हरत नाही.

"फक्त तेवढं मला द्या," वकील म्हणाले. "बाकी कोल्हा तुमचा."

"वकीलसाहेब," मास्तर ताठ बसून म्हणाले, "हा बंदी आहे. बंद्याला कुणी हात लावायचा नाही."

"अहो, पण मग करणार काय त्याचं?"

"महूच्या माळावर नेऊन सोडणार. तिथून चालत यायला त्याला कंटाळा आला पाहिजे."

रेल्वेत कोल्ह्याचं पार्सल कुणी घेतलं नसतं. म्हणून इस्माईलभाईंचा टांगा ठरला. ते इंदूर-महू अशा फेऱ्या करायचे. पेटी दोरीनं आवळली, आणि म्हातारा एकटा जाऊन स्वतःला चावून घेईल म्हणून आईनं मला बरोबर पाठवलं. मी पुढे इस्माईलभाईंच्या शेजारी बसले. मास्तर मागच्या बाजूला, दोन्ही पाय पेटीवर रोवून. अर्धी दाढी तशीच. त्यांच्या मांडीवर एक फडक्यानं बांधलेली टोपली होती.

"टोपलीत काय आहे, मास्तरकाका?"

"असू दे," ते म्हणाले.

शहराबाहेरच्या जकात नाक्यावर मुन्शीनं टांगा थांबवला. "पेटी में क्या है?"

"सियार," मास्तर म्हणाले.

"मजाक मत करो, बाबूजी."

मास्तरांनी झाकणाची फट दाखवली. मुन्शीनं नाक लावलं आणि ते झटकन मागे घेतलं. मग तो आपल्या तक्त्यावर बोट फिरवत बसला. बकरी होती, कोंबडी होती, सियार नव्हता. त्यानं बराच विचार करून विचारलं, "बाहर ले जा रहे हो या अंदर ला रहे हो?"

"बाहर."

"फिर जाओ. बाहर जानेवाले सियार का कुछ नहीं लगता."

"और अंदर आनेवाले का?" मास्तरांना ही संधी सोडवेना.

"वो नाके से थोड़े ही आता है, साहब," मुन्शी म्हणाला.

"आमच्या बँडात हे चाललं नसतं," मास्तर टांगा सुटल्यावर म्हणाले. "कुणालाही बाजूनं आत घेतात!"

राऊ गाव मागे पडलं. महूच्या अलीकडे मोकळा माळ आला तेव्हा आम्ही टांगा थांबवला. पेटी उतरवली, दोर सोडला, झाकण उघडलं. आतून काहीच बाहेर आलं नाही. आम्ही वाकून पाहिलं. कोल्हा पेंढ्यावर अंग मुडपून झोपला होता. अंड्याची टरफलं त्याच्या मिशांना चिकटलेली.

"अहो," मास्तर म्हणाले, "उठा. आलं तुमचं गाव."

कोल्ह्यानं एक डोळा उघडला. मास्तरांनी पेटी तिरकी केली. तो घसरून बाहेर आला, जांभई दिली, अंग झाडलं, चारी दिशांना पाहिलं, आणि शांतपणे इंदूरच्या रस्त्याला लागला.

"अबाउट टर्न!" मास्तर गरजले.

इतक्या दिवसांत प्रथमच ते त्याच्याशी इंग्रजीत बोलले होते. कोल्हा दचकून थांबला, बाजूच्या गवतात घुसला आणि दिसेनासा झाला. इस्माईलभाई हसून हसून टांग्याच्या चाकाला टेकले. मास्तरही हसले. मग हसू ओसरल्यावर टोपलीकडे बघत उभे राहिले.

"इथवर आलोच आहोत," ते कुणाकडेही न बघता म्हणाले, "तर महूला जाऊन येऊ."

"कुणाकडे?" मी विचारलं.

उत्तर इस्माईलभाईंनी दिलं. "घर हमको मालूम है, बेटी. हर हफ्ते अंडे हम ही तो पहुँचाते हैं शालू बिटिया के यहाँ."

मास्तरांनी घसा खाकरला. पण आता सांगून झालं होतं.

शालू ही मास्तरांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली. शाळेत ती माझ्या पुढच्या वर्गात होती. मास्तरांच्या बँडात फ्रान्सिस नावाचा एक तरुण क्लॅरिनेट वाजवायचा. असा हात पुन्हा होणे नाही, असं मास्तर स्वतः सांगत. बँड मोडल्यावर त्याला महूच्या पलटणीच्या बँडात नोकरी लागली, आणि काही महिन्यांनी शालूनं त्याच्याशी लग्न केलं. मराठ्यांची मुलगी, किरिस्तावाच्या घरी. मास्तर सगळ्या ओळीसमोर म्हणाले होते, "आता मी तुझं तोंड बघणार नाही." त्यानंतर त्यांच्या घरी तिचं नाव कुणी काढलेलं मी ऐकलं नव्हतं. तिला मूल झालं हे आम्हाला बाहेरून कळलं. मास्तरांना कुणी सांगायचं, या चिंतेत आई होती.

छावणीच्या मागे बँडवाल्यांच्या बराकी होत्या. इस्माईलभाईंनी टांगा एका निळ्या दारासमोर नेऊन उभा केला. घोड्याचं तोंड दाराकडे, म्हणजे मागे बसलेल्या मास्तरांची पाठ दाराकडे. मास्तर हलले नाहीत. टोपली माझ्या हातात दिली.

"दे जा. ताजी आहेत म्हणावं. मी आलोय असं सांगू नको."

मी दार वाजवलं. शालूनं उघडलं. ती बारीक झाली होती, केस कसेतरी वर बांधलेले, आणि कडेवर टकुचं घातलेली गुबगुबीत मुलगी. "कुसुम! तू?" म्हणून तिनं माझा हात धरला, आणि मग तिची नजर माझ्या खांद्यावरून पुढे टांग्याकडे गेली. टपाखाली एक काळी टोपी आणि ताठ पाठ दिसत होती.

तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "ती ड्रमची पेटी कशाला आणलीत?"

"कोल्हा सोडायला आलो होतो."

शालू एकदम हसली. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले, आणि तशीच अनवाणी टांग्यापाशी गेली. वळसा घालून त्यांच्या समोर गेली नाही. मागूनच, मास्तरांच्या खांद्यावरून तिनं मुलीला त्यांच्या मांडीत ठेवलं.

"कोण आहे?" मास्तर मान न वळवता म्हणाले. मुलीला मात्र त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"तुमची नात. तिचं तोंड बघणार नाही असं तुम्ही म्हणाला नव्हता, बाबा."

मास्तरांनी खाली पाहिलं. मुलीनं वर पाहिलं. एका गालावर दाढी आणि एका गालावर नाही, असा माणूस तिनं बहुधा पहिल्यांदाच पाहिला असेल. तिनं दाढीच्या बाजूला हात लावून पाहिला, मग दुसऱ्या बाजूला लावून पाहिला, आणि मिशी पकडली.

मास्तरांनी ती सोडवून घेतली नाही. शालू टपाच्या दांडीला धरून त्यांच्या पाठीमागे उभी होती. बराकीत कुणीतरी क्लॅरिनेटवर सराव करत होतं, तो आवाज थांबला.

"हिचे पाय गार आहेत," शेवटी मास्तर समोरच्या रस्त्याला उद्देशून म्हणाले. "मोजे घालत नाही का कुणी हिला?"

"घालते. काढून टाकते ती," शालू मागून म्हणाली.

"लोकरीचे घालावेत."

"बरं."

"आणि अंडं अर्धं कच्चं देऊ नये."

"नाही देत, बाबा. अजून दात कुठे आहेत तिला?"

मास्तरांनी आपलं उपरणं काढलं आणि त्या दोन छोट्या पायांभोवती गुंडाळायला लागले. गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मुलगी दर वेळी लाथ मारून ते उडवत होती. ऊन उतरायला लागलं होतं. इस्माईलभाईंनी आकाशाकडे पाहिलं आणि लगाम हातात घेतला.

"चलें, मास्टरसाब? रस्ता लंबा है."

"घोड्याला आधी चारा खाऊ दे," मास्तर म्हणाले.

"खा चुका, साब."

"मग अजून खाऊ दे," मास्तर म्हणाले. "फार दमलाय बिचारा."

घोड्यासमोर काडीसुद्धा नव्हती. इस्माईलभाईंनी एकवार मास्तरांच्या पाठीकडे पाहिलं, लगाम खाली ठेवला, आणि घोड्याला टांग्यातून सोडायला लागले.